काम सुटलं तर भत्ता कसा मिळवायचा, आणि तो जास्तीत जास्त किती चालतो? खान्देशातल्या कामगारांसाठी

काम सुटून सहा-आठ महिने झाले की माणूस एकच विचारतो: भत्ता वाढवून मिळतो का? जळगावच्या एमआयडीसीतला चटईच्या कारखान्यातला ऑपरेटर असो, धुळ्याच्या अवधानमधला हेल्पर असो किंवा सुरतेहून परत आलेला साक्रीकडचा पोरगा असो, प्रश्न हाच. याचं सरळ उत्तर असं की मुदतवाढीचा वेगळा अर्ज आपल्याकडे नाही. अधिकाऱ्याला विनंती करून तीन महिन्यांचे सहा महिने होत नाहीत. पण तीन महिन्यांचा भत्ता ही एक योजना आहे आणि चोवीस महिन्यांचा भत्ता ही दुसरी. तुम्ही कोणत्या योजनेत बसता हे बहुतेक वेळा काम सुटलं त्या आठवड्यात कागदावर काय लिहिलं गेलं यावर ठरतं. त्यामुळे लांबलेली बेकारी निभवायची तयारी पहिल्या आठवड्यातच करावी लागते. ज्यांचा तो आठवडा निघून गेला त्यांनाही काही मार्ग आहेत, ते पुढे येतील.

आधी आपण कुठे बसतो ते बघा

पगाराची चिठ्ठी काढा. तिच्यात ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या विम्याची, कपात दिसते का? कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के, हे दर १ जुलै २०१९ पासून आहेत. महिन्याला दहा हजार पगार असेल तर कपात ७५ रुपये. रक्कम बारीक असल्यामुळे कोणी तिच्याकडे पाहत नाही, पण नोकरी गेल्यावरचा भत्ता याच ७५ रुपयांवर उभा असतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो.

चिठ्ठीच मिळत नसेल तर दहा आकडी विमा क्रमांक शोधा. तो एकच असतो आणि देशभर चालतो. गुजरातेतल्या सचिन, उधना, वापी इथे लागलेला नंबर जळगावात परत आल्यावरही तोच. दुसऱ्या कारखान्यात लागताना नवा नंबर काढून घेऊ नका, जुनाच द्या. दोन नंबर झाले की वर्गणी दोन ठिकाणी विभागली जाते आणि अटीच्या वेळी एकीकडेही पुरेशी भरत नाही.

आता खान्देशाची एक खास अडचण. जिनिंग-प्रेसिंग आणि साखर कारखाना हे कायद्याने हंगामी कारखाने ठरतात आणि त्यांना ईएसआय लागू होत नाही. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंगमध्ये रात्रपाळ्या करणाऱ्याला हंगाम संपल्यावर या विम्याचा भत्ता मिळत नाही. हे अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्या भागात रोजगाराचा मोठा हिस्सा कापसावर आहे. पण नियम आज असा आहे. अशा कामगारांनी खालचा रोजगार हमीचा भाग नीट वाचावा.

आणि ज्यांना अजून नोकरी लागलेलीच नाही त्यांच्यासाठी एक इशारा. ‘महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, दरमहा ५,००० रुपये, आजच अर्ज करा’ असे मेसेज आणि व्हिडिओ सारखे फिरतात. सुशिक्षित बेरोजगारांना सरसकट दरमहा भत्ता देणारी अशी योजना महाराष्ट्रात चालू नाही. त्या नावाखाली कोणी ‘फॉर्म फी’ मागत असेल, ओटीपी मागत असेल, तर देऊ नका. या लेखात सांगितलेल्या एकाही भत्त्याच्या अर्जाला सरकारी फी नाही. सेवा केंद्रवाला टायपिंग आणि प्रिंटचे घेईल तेवढेच.

काम सुटलं तो आठवडा

बहुतेक ठिकाणी हे असंच घडतं. ऑर्डर नाहीत, एक लाईन बंद करायची आहे. शेठ किंवा ठेकेदाराचा माणूस कागद पुढे करतो: “सही करून दे भो, हिशोब लगेच करून टाकतो.” कागदावर लिहिलेलं असतं, ‘मी घरगुती कारणास्तव काम सोडत आहे.’ हातात आठ-दहा हजार येतात, माणूस सही करून घरी जातो.

त्या सहीने काय होतं ते बघा. मालक दर महिन्याला ईएसआयसीच्या पोर्टलवर वर्गणीची यादी भरतो. ज्याचे कामाचे दिवस शून्य त्याच्या नावापुढे कारण निवडावं लागतं: रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप किंवा टाळेबंदी, कपात (म्हणजे कामगार कमी करणं, पगारातली वजावट नव्हे), काम नाही, असे पर्याय असतात. सोबत शेवटच्या कामाची तारीख. तुमच्या नावापुढे ‘नोकरी सोडली’ पडलं की चोवीस महिन्यांच्या योजनेतून तुम्ही बाहेर. ‘कपात’ पडलं की आत. एवढं सगळं त्या एका रकान्यावर अवलंबून आहे आणि तो भरणारा ऑफिसातला मुलगा बहुतेक वेळा घाईत असतो.

म्हणून राजीनामा लिहून देऊ नका. तुम्ही सोडलेलं नाही, तुम्हाला काढलं आहे किंवा कारखाना बंद झाला आहे, हे सत्य कागदावर राहू द्या. मालकाला एक साधं पत्र द्या. मजकूर असा चालेल:

‘मी आपल्या कारखान्यात अमुक तारखेपासून अमुक विभागात कामाला होतो. दि. अमुकपासून मला काम देणे बंद केले आहे. मी राजीनामा दिलेला नाही. माझी कामगार कपात झाली असल्याने ईएसआयसी व भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत तेच कारण व शेवटच्या कामाची खरी तारीख नोंदवावी, तसेच कपातीचे लेखी पत्र मला द्यावे ही विनंती.’

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर पोस्टाने रजिस्टर करा, पावती जपा, आणि त्याच पत्राचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सअॅप नंबरवर पाठवा. ठेकेदाराकडून लागलेले असाल तर पत्र ठेकेदाराला द्या आणि प्रत कारखान्याला. कारखाना म्हणेल ‘हा आमचा माणूसच नाही’, पण विम्याच्या नोंदीत मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पोर्टलवर तुम्हालाही दिसतं. पत्र देण्याआधी तेवढं पाहून घ्या.

कपातीचे पैसेही याच आठवड्यात मागायचे. वर्षभर सलग काम झालेलं असेल, म्हणजे साधारण २४० दिवस भरलेले असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हा हक्क आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत याशिवाय कपात झालेल्या कामगाराच्या खात्यावर १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांच्या आत जमा करायची तरतूद आहे. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. मालक ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून आलात तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

नव्वद दिवसांचा भत्ता: अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना

ही योजना १ जुलै २०१८ ला दोन वर्षांच्या प्रयोगासाठी सुरू झाली आणि पुढे मुदतवाढ मिळत मिळत चालत आली. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले. अर्ज करण्याआधी योजनेची चालू मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे हे ईएसआयसीच्या टोल फ्री १८००-११-२५२६ वर विचारून घ्या, कारण मुदतवाढीचा निर्णय महामंडळाच्या बैठकीत होतो आणि तो गावापर्यंत उशिरा पोचतो.

अट दोन पदरी आहे. विमा लागू असलेल्या नोकरीत किमान दोन वर्षं झालेली हवीत. आणि वर्गणीच्या दिवसांचा हिशोब बसायला हवा. ईएसआयसीचं वर्ष दोन भागांत मोडतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या भागात कमीत कमी ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याच्या मागच्या तीन भागांपैकी कोणत्याही एकात ७८ दिवसांची. समजा जुलै २०२५ मध्ये काम सुटलं. मग ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये ७८ दिवस बघायचे, आणि त्याआधी एप्रिल २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळातल्या तीन भागांपैकी एकात ७८. पोर्टलवर आपल्या नंबराने शिरलं की महिन्यागणिक दिवस दिसतात. वहीत उतरवून बेरीज करा, कार्यालयात जाण्याआधीच तुम्हाला उत्तर कळलेलं असेल.

रक्कम किती येते हे लोकांना नीट सांगितलं जात नाही आणि मग निराशा होते. पन्नास टक्के म्हणजे शेवटच्या पगाराच्या अर्धे नव्हे. मागच्या चारही भागांतली, म्हणजे दोन वर्षांतली, सगळी कमाई एकत्र करायची, तिला ७३० ने भागायचं, आणि येईल त्याच्या अर्धे. महिना १४,६०० रुपयांनी पूर्ण चोवीस महिने काम केलं तर कमाई ३,५०,४००. भागिले ७३० म्हणजे रोजचे ४८०. त्याचे अर्धे २४०. नव्वद दिवसांचे २१,६००. आता दुसरा माणूस घ्या, पगार तोच, पण मधले मिळून बारा महिनेच काम लागलं. त्याची कमाई १,७५,२००, रोजचे २४०, अर्धे १२०, नव्वद दिवसांचे १०,८००. दोघे एकाच मशीनवर होते, तरी हातात निम्मा फरक.

काम सुटल्यावर तीस दिवस झाले की अर्ज करता येतो. मालकाच्या सहीसाठी अडून बसायचं कारण नाही, अर्ज थेट ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जातो. पोर्टलवर विमाधारक म्हणून लॉगिन करा, दावा भरा, आधार आणि बँक पासबुकाचं पहिलं पान अपलोड करा. अपलोड जमलं नाही तर प्रिंट काढून, सही करून, कागदांसह शाखा कार्यालयात स्वतः द्या किंवा पोस्टाने पाठवा. पूर्वी प्रतिज्ञापत्र लागायचं, ती अट २०२० मध्ये काढली. स्टॅम्प पेपरसाठी कोणी पैसे मागत असेल तर ही गोष्ट सांगा. वर्षाच्या आत अर्ज झालाच पाहिजे असं धरून चाला.

हा भत्ता आयुष्यात एकूण नव्वद दिवसांचाच. गैरवर्तनावरून काढलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला आणि निवृत्तीचं वय झालेल्याला तो मिळत नाही.

अर्ज अडकण्याचं आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नाव. सुरतेच्या कारखान्यात ‘रमेशभाई’ लिहिलं जातं, इथे आधारवर ‘रमेश’ आहे, बँकेत वडिलांचं नाव मध्ये आहे आणि ईएसआयसीत नुसतं एक अक्षर. यंत्राला चार नावं म्हणजे चार माणसं. जन्मतारखेचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि आधारवर १ जानेवारी, हे आपल्या गावांत घरोघरी आहे. काम चालू असतानाच हे जुळवून घेतलं तर मालकाकडून दुरुस्ती होते. सुटल्यावर दुरुस्तीसाठी परत त्याच गेटवर जावं लागतं. आज ज्यांची नोकरी चालू आहे त्यांनी हा परिच्छेद वाचून झाल्यावर मोबाईलवर आधी नाव तपासावं, बाकीचा लेख नंतर.

चोवीस महिन्यांचा भत्ता: राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना

लांबलेल्या बेकारीसाठी खरी उपयोगाची योजना ही, आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. १ एप्रिल २००५ पासून ती चालू आहे. सुरुवातीला भत्ता सहाच महिने मिळायचा, पुढे बारा झाले, आता चोवीस आहेत. पहिल्या बारा महिन्यांत सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्के आणि तेराव्या ते चोवीसाव्या महिन्यात २५ टक्के.

कोणाला मिळतो? कारखाना किंवा आस्थापना बंद झाली, कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने कमीत कमी ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, आणि यातल्या एखाद्या कारणाने रोजगार गेला, अशांना. तीन वर्षं किंवा जास्त वर्गणी भरलेली असेल तर अर्ज जरूर करा. संपात किंवा टाळेबंदीत असलेल्याला, स्वतःहून काम सोडलेल्याला, मुदतीआधी निवृत्ती घेतलेल्याला आणि शिस्तभंगावरून काढलेल्याला हा भत्ता नाही. कामावरच अपघात झाला असेल तर त्याचा लाभ वेगळा आणि कायमचा आहे, तो मागा.

आता मुदतीचा मुद्दा. चोवीस महिने एकदम घ्यावे लागत नाहीत. मध्ये काम लागलं तर भत्ता थांबतो, उरलेले महिने तुमच्या नावावर शिल्लक राहतात. पुढे पुन्हा अशाच कारणाने काम सुटलं तर शिल्लक महिने घेता येतात, फक्त प्रत्येक तुकडा कमीत कमी एक महिन्याचा हवा. आपल्याकडे कारखाने सुरू होतात, वर्षभर चालतात, पुन्हा बंद पडतात. अशा भागात ही सोय फार मोलाची आहे. भत्ता बुडेल म्हणून आलेलं काम नाकारू नका. काम घ्या, शाखा कार्यालयाला कळवा, आणि किती महिने वापरले त्याची नोंद स्वतःजवळ ठेवा.

अर्जासोबत बंदीचा किंवा कपातीचा पुरावा लागतो. मालकाचं पत्र, नोटीस बोर्डावरच्या नोटिशीचा फोटो, कामगार कार्यालयातली तक्रार आणि तिचा जावक क्रमांक, संघटना असेल तर तिचा पत्रव्यवहार, जे असेल ते लावा. मालक गायब आहे, गेटला कुलूप आहे, पत्र देणारं कोणी नाही, अशी वेळ आली तर कागद नाही म्हणून घरी बसू नका. जमेल तेवढ्या कामगारांनी मिळून शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवा की आस्थापना अमुक तारखेपासून बंद आहे, प्रत्यक्ष पाहणी करावी. चाळीस जणांच्या सह्यांचा एक अर्ज टेबलावरून सहज उचलून ठेवता येत नाही.

दोन्ही भत्ते एकाच वेळी मिळत नाहीत. मग आधी कोणता? कपात किंवा बंदीचा पुरावा हातात असेल तर माझा सल्ला थेट चोवीस महिन्यांच्या योजनेचा. पुरावा नसेल, किंवा वर्षं कमी पडत असतील, तर नव्वद दिवसांचा घ्या आणि तोवर कामगार कार्यालयात कारणाची दुरुस्ती मागत राहा. राजीनाम्यावर सही झालेली असली तरी ती दबावाखाली घेतली हे लगेच लेखी कळवलेलं असेल तर बाजू मांडता येते. सहा महिन्यांनी कळवलं तर फार अवघड जातं.

भत्ता चालू असेपर्यंत ईएसआयचे उपचार तुम्हाला आणि घरच्यांना चालू राहतात. घरात बीपी-शुगरची माणसं असतील तर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च वाचतो तो वेगळाच. व्यवसाय प्रशिक्षणाची सोयही या योजनेत आहे, फी आणि प्रवासखर्च महामंडळ देतं. पस्तीस-चाळिशीतला ऑपरेटर ‘आता काय शिकायचं’ म्हणतो. पण वायरमन, पंप दुरुस्ती किंवा वेल्डिंगचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाला चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यात बाराही महिने बोलावणं असतं.

भत्ता घेत असताना दुसरीकडे विमा लागू असलेल्या नोकरीत लागून ते लपवू नका. नंबर एकच असल्यामुळे नव्या मालकाची पहिली वर्गणी पडताच ते दिसतं. रक्कम वसूल होते, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पुढचे लाभही जातात.

गावाकडे असाल तर: रोजगार हमी

रोजगार हमी ही महाराष्ट्राची देणगी. १९७७ चा राज्याचा कायदा, त्यानंतर २००५ चा केंद्राचा, म्हणजे मनरेगा. केंद्राचा कायदा २००६ मध्ये देशातल्या ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला त्यांत धुळे आणि नंदुरबार होते. म्हणजे आपल्या भागाला ही योजना नवी नाही. पण तिच्यातला बेरोजगार भत्ता मागणारा माणूस क्वचित भेटतो.

नियम असा आहे. लेखी काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर सोळाव्या दिवसापासून भत्ता लागू होतो. पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, त्यानंतर आर्थिक वर्षात किमान निम्मा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने पहिल्या महिन्यात दिवसाला ७८ आणि नंतर १५६.

सगळी मेख मागणीच्या कागदात आहे. ग्रामपंचायतीत नमुना क्रमांक ४ भरून द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची, ती नमुना ५ मध्ये मिळते. रोजगार सेवक म्हणेल, ‘दादा, काम निघालं की सांगतो, फॉर्म कशाला?’ तो वाईट हेतूने म्हणत असेल असं नाही, पण पोच नाही तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. पोच देत नसतील तर तोच अर्ज पंचायत समितीत किंवा तहसील कार्यालयात आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा पाड्यावरच्या दहा-पंधरा जणांनी एकत्र जा.

धडगाव-अक्कलकुव्याकडचे लोक दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परत येतात. आल्यावर लगेच मागणी टाका, कारण हमीचे दिवस आर्थिक वर्षाचे असतात. ३१ मार्चला न वापरलेले दिवस संपतात आणि १ एप्रिलला नव्याने मोजणी सुरू होते. मार्चअखेरची धावपळ फक्त सरकारी कार्यालयांची नसते, ती आपलीही असायला हवी. काम पाच किलोमीटरच्या बाहेर दिलं तर मजुरी १० टक्के जास्त मिळते.

शंभर दिवस भरले तर काय? इथे राज्याचा कायदा कामी येतो. कुटुंबाचे १०० दिवस केंद्राच्या पैशातून, त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्य शासन करतं. त्यामुळे ‘तुमचे शंभर झाले, आता नाही’ हे उत्तर मुकाट्याने घेऊ नका, राज्याच्या हमीखाली काम द्या असं लेखी मागा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी १२५ दिवसांची आहे आणि पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतात. १५ दिवसांत काम नाही तर भत्ता, हे तत्त्व त्यातही आहे. तुमच्या गावात हजेरीपत्रक कोणत्या कायद्याखाली निघतं ते रोजगार सेवकाला विचारा. मागणी आणि पोच दोन्हीकडे लागणारच.

एकदा काम सांगितलं आणि तुम्ही १५ दिवसांत हजर झाला नाहीत तर तीन महिन्यांसाठी भत्त्याचा हक्क जातो. नाव लावून सुरतेला निघून जाण्यात काही हशील नाही.

शिकलेल्या मुलांसाठी

बारावी, आयटीआय, पदवी झाली आणि नोकरी नाही, अशांसाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ मध्ये आली. वय १८ ते ३५. बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, मार्च २०२५ मध्ये ती वाढवून अकरा महिने केली. इथे मुदत खरोखर वाढवून मिळाली, आणि ती वाढली ती प्रशिक्षणार्थींनी सगळीकडून मागणी लावून धरली म्हणून.

नोंदणी महास्वयम् पोर्टलवर. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, म्हणजे जुनं सेवायोजन कार्यालय. जुनं कार्ड असेल तर नंबर चालू आहे का ते तपासून माहिती अद्ययावत करा. विद्यावेतन थेट खात्यात येतं आणि ते हजेरीवर अवलंबून असतं, त्यामुळे आस्थापना महिन्याची हजेरी वेळेवर पोर्टलवर भरते का यावर स्वतः लक्ष ठेवा.

पीएफला शेवटी हात लावा

काम सुटलं की सगळ्यांत आधी पीएफ काढला जातो, आणि मला ते पाहून दरवेळी वाईट वाटतं. भत्ता हा तुमच्या वर्गणीवरचा हक्क आहे, तो न घेतल्यास बुडतो. पीएफ न घेतल्यास वाढतो. म्हणून आधी भत्ता, मग कपातीचे पैसे आणि ग्रॅच्युइटी, आणि तरीही भागलं नाही तर पीएफ. काढायचाच झाला तर पेन्शनचा हिस्सा सोडा. दहा वर्षांची सेवा भरली की पेन्शनचा हक्क येतो. आठ-नऊ वर्षं झालेला माणूस चार पैशांसाठी पेन्शनचं खातं रिकामं करतो आणि पुढे पुन्हा शून्यापासून मोजतो. त्याऐवजी १०-सी फॉर्म भरून योजना प्रमाणपत्र घ्या, जुनी वर्षं नव्या नोकरीत जोडली जातात. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम नंबराच्या, खात्यातून भरू शकता. तिथे कारण निवडताना ईएसआयसीत जे आहे त्याच्याशी विसंगत काही टाकू नका.

अर्ज नाकारला किंवा पडून राहिला तर

‘होत नाही’ हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. नाकारल्याचं कारण लेखी मागा. कारण हातात आलं की पुढची पायरी आपोआप दिसते: दिवस कमी पडले असतील तर वर्गणीची यादी तपासा, नाव जुळत नसेल तर दुरुस्ती, काम सुटण्याचं कारण चुकीचं असेल तर मालकाला आणि कामगार कार्यालयाला पत्र. तुमच्या पगारातून कपात झाली पण मालकाने भरलीच नाही असं निघालं, तर पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचा उतारा लावून महामंडळाकडे तक्रार करा. भरणा न करणं हा मालकाचा गुन्हा आहे, त्याची शिक्षा तुम्हाला नाही.

तक्रार केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर मोफत टाकता येते आणि तिला नंबर मिळतो. रोजगार हमीसाठी जिल्ह्यात तक्रार निवारण प्राधिकारी असतात. तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न मोघम नको, नेमके विचारा: माझा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर गेला, प्रत्येक टेबलावर किती दिवस राहिला, आज कोणाकडे आहे, निकाली काढायची विहित मुदत किती आहे. चार ओळींचा असा अर्ज मराठीत, हाताने लिहिलेला चालतो.

मोबाईल नंबर मात्र या सगळ्या काळात बदलू नका. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि रिचार्ज संपून सिम बंद झालेल्या माणसाचा मंजूर झालेला दावाही महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो.